रोज गाडीत कोण बसतं

शनिवारी सकाळी अकरा वाजता गाडी खाली आली. चाकाच्या वरच्या फटीत आधी अख्खा पंजा जाई, आता दोन बोटं जेमतेम जात होती. मालक कमरेवर हात ठेवून गॅरेजच्या दारात उभा होता आणि वर्गात पहिल्या आलेल्या पोराकडे बघावं तसा गाडीकडे बघत होता.

तो विमा कंपनीत दावे तपासत असे. लोक अर्जात काय सांगायचं टाळतात, ते शोधून काढण्याचा त्याला पगार मिळे. गाडीचा निर्णयही त्याने तसाच, ठोकून-तपासून घेतला होता. मूळ स्प्रिंगा कापून गाडी बसवणं सर्वांत स्वस्त. पण तशी गाडी खड्ड्यात माकडासारखी उडते, म्हणून ते बाद. उंची हवी तशी वरखाली करता येणारा सेट उत्तम. पण रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. राहिल्या मधल्या, आखूड स्प्रिंगा. परवडणाऱ्या आणि दिसायला झकास. एकच अट होती: एकदा बसवल्या की गाडी त्याच उंचीवर राहणार.

बायकोने सगळं ऐकून घेतलं होतं. “गाडीचं राहू द्या,” ती म्हणाली होती, “तुम्हीच जरा जमिनीवर या.”

फिटरची एक पद्धत होती. पान्याला हात लावण्याआधी तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी, “रोज गाडीत कोण कोण बसतं?” त्यावरून किती खाली आणायची ते तो ठरवी.

“मी एकटाच,” मालकाने सांगितलं होतं. ते खोटं आहे असं त्याला वाटलंही नव्हतं. वडील रोज शेजारच्या सीटवर असत. पण ते गाडीत बसतात असं त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्यांना वाटेत सोडायचं असे, एवढंच.

वडील घड्याळजी. बाजारपेठेत त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मुलगा त्यांना दुकानापाशी सोडू लागला. उतरायची त्यांची रीत ठरलेली होती. दार उघडायचं, दोन्ही पाय एकदम बाहेर, एक तळवा गुडघ्यावर, एक दारावर, एक श्वास आणि उभं. कुणी हात पुढे केलेला त्यांना खपत नसे. “ज्याला हाताला धरून उतरवावं लागतं,” ते म्हणत, “त्याच्या हातात घड्याळ कोण देईल?”

सोमवारी सकाळी दुकानासमोर त्यांनी गाडीचं दार उघडलं. पाय बाहेर ठेवले. गुडघे छातीशी आले. त्यांनी श्वास घेतला, जोर लावला आणि ते परत सीटवर बसले. पुन्हा जोर लावला. पुन्हा बसले.

मुलगा धावत वळसा घालून आला.

“हात मागे घे.”

“बाबा, मागे गाड्या थांबल्यात.”

मागचे हॉर्न वाजवत होते. समोरच्या औषधवाल्याने शटर अर्धं वर करून तसंच धरून ठेवलं होतं. वडिलांनी मुलाचा हात धरला.

दुपारी औषधवाला दुकानात आला. त्याचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला पडून होतं. “राहू द्या काका, घाई नाही. सवडीने आणतो परत,” असं म्हणत ते तो तसंच, उघडायच्या आधीच घेऊन गेला.

संध्याकाळी गाडीत बसताना काही त्रास झाला नाही. खाली बसणं सोपंच होतं. वडिलांनी समोरच्या रस्त्याकडे बघतच विचारलं,

“अरे, त्या फिटरने विचारलं नाही का, गाडीत रोज कोण बसतं म्हणून?”

“विचारलं होतं.”

“मग?”

पुढे सिग्नल होता. मुलाने लक्ष सिग्नलकडे दिलं. तो हिरवा होता.

मंगळवारपासून ते बसने जाऊ लागले. बसची पायरी उंच आहे. कंडक्टर दंडाला धरून त्यांना वर ओढतो, उतरताना खांदा देतो. त्याला ते नको म्हणत नाहीत. स्टॉप बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. तिथून दुकान दिसत नाही आणि दुकानातून स्टॉप. कोपरा वळेपर्यंत ते ताठ झालेले असतात.

घरी कुणी भांडलं नाही. बायकोने एकदा नुसतं विचारलं, “आता तरी गाडी हलकी पळत असेल?” गाडी खरंच छान दिसत होती. ऑफिसातल्या तिघांनी फोटो काढून घेतले.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणात मुलगा म्हणाला, “बाबा, उद्या जुन्या स्प्रिंगा परत बसवून घेतो.”

“कुणासाठी?” वडिलांनी ताट पुढे सरकवलं. “मी कुठे बसतो तुझ्या गाडीत?”

शनिवारी तो गाडी घेऊन गॅरेजमध्ये पोचला. जुन्या स्प्रिंगा भिंतीशी तशाच पडून होत्या, धूळही बसली नव्हती. फिटर दुसऱ्या गाडीखाली होता. बसकी गाडी आणि पाय बघून कोण आलंय ते त्याला कळलं.

“उंची बदलायचीय,” मुलगा म्हणाला.

“रोज गाडीत कोण कोण बसतं?” गाडीखालून आवाज आला.

मुलाने आपल्या गाडीतल्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. या वेळी त्याला विचार करावा लागला.

“मी एकटाच.”

“मग बरोबर बसवलीय,” फिटर म्हणाला आणि त्याने पाना मागितला.