आत खोचलेलं टोक

यानाचं सौरशीड उघडताना एक कोपरा अडकला, म्हणून सकाळीच कौसल्याबाईंना नियंत्रण कक्षात बोलावून घेतलं. येवल्यात पैठण्यांच्या घड्या घालण्यात त्यांची हयात गेली होती. केसाहून पातळ असं ते शीडही त्यांनीच हातांनी घडी करून दिलं होतं.

"काकू, शीड पूर्ण उघडलं नाही तर उन्हाचा रेटा पुरणार नाही," इंजिनिअर रेगे म्हणाले. "यान वळसा घालून वर्षभरात परत येईल."

"आणि उघडलं तर?"

"ठरल्याप्रमाणे. तीस वर्षांनी परत."

कौसल्याबाईंना बासष्टावं सरलं होतं. यानात त्यांची लेक शर्वाणी होती.

त्यांनी मांडीवर पदर घेऊन तो दुमडून पाहिला आणि बोटं आपसूक शेवटचं टोक आत खोचून मोकळी झाली. साडीची सवय. शीडालाही त्यांनी तसंच केलं होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्पीकरमधून शर्वाणीचा आवाज आला. ती यानाबाहेर, त्या कोपऱ्यापाशी होती. "आई, ओढू का?"

कौसल्याबाईंनी पदराचं खोचलेलं टोक मुठीत घट्ट धरलं.

"ओढू नकोस, फाटेल," त्या अखेर म्हणाल्या. "डाव्या अंगाने आत हात घाल. टोक मी आत खोचलंय."

"सापडलं." पण शर्वाणीने ते लगेच बाहेर काढलं नाही. "काढू?"

घरात आलेल्या प्रत्येक नव्या साडीची घडी त्या लेकीलाच मोडायला लावत. आधी तिने नेसायची, मग त्यांनी.

"काढ," त्या म्हणाल्या. "घडी तूच मोड, बाळा."