साबणाची साय

“काही दिसत नाही,” डॉक्टर सबनीस म्हणाले. “नुसतं धुकं.”

टेबलावर चार वर्षांची बनू गुंगीत पडली होती. शेंगा खाता खाता हसली आणि दाणा गेला श्वासनलिकेत. आटपाडीकडचा धनगर बिराप्पा लेकीला उचलून सांगलीच्या दवाखान्यात पोचला, तेव्हाच तिचे ओठ जांभळे पडले होते. पंचाहत्तर साल ते. दवाखान्यात दुर्बीण नवीच आलेली. पोरीच्या घशातून आत घातलेल्या त्या लांबट नळीच्या टोकाला इवलंसं भिंग होतं. त्यातून दाणा दिसला तरच चिमट्यानं धरता येणार होता.

डॉक्टरांनी दुर्बीण बाहेर काढून उजेडाकडं धरली. भिंग लख्ख होतं. आत घातली, की पुन्हा धुकं.

“साबण लावलाय ना?”

“मी स्वतः लावलाय,” सिस्टर लीलाबाई म्हणाल्या.

“मग भिंगातच ओल शिरली असणार. पुण्याला पाठवू हिला. गाडी सांगा.”

कोपऱ्यात उभी असलेली चंद्राबाई हे ऐकून एक पाऊल पुढं सरकली. ही ऑपरेशनच्या खोलीतली नवी आया. मघाशी लीलाबाई गुंगीच्या औषधाकडं वळल्या, तेव्हा हिला फडक्यावर ठेवलेल्या दुर्बिणीच्या काचेवर साबणाचा ओशट पापुद्रा दिसला होता. चंद्राबाईनं घासलेल्या तांब्यात तोंड बघावं, असा तिचा हात. तिच्या घरी राखेचा ओघळ राहिलेला तांब्या देवापुढंच काय, पाहुण्यापुढंही ठेवत नसत. भांडं नीट न विसळणारी बाई गबाळी ठरायची. म्हणून मघाशीच चंद्राबाईनं हातमोजे घातलेल्याच हातानं कापसाचा बोळा उकळलेल्या पाण्यात बुडवला आणि काच चकचकीत केली. वर मनातल्या मनात सिस्टरांना नावंही ठेवली. शिकल्यासवरल्या बाया, पण विसळायचं कळत नाही.

आता गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. नोकरी नवी होती आणि मोठ्या खटपटीनं मिळालेली. पण पोरगी पुणं राहू दे, साताऱ्यापर्यंत तरी पोचेल का?

“डॉक्टर, काच म्या पुसली,” ती म्हणाली. “साबण ऱ्हायला हुता, आसं वाटलं मला.”

लीलाबाईंनी झटकन मान वळवली. डॉक्टरांनी हातातली दुर्बीण पुन्हा उजेडाकडं धरली. आता बोलणी खायची, चंद्राबाईनं ठरवलं. पोटभर खाऊ, पण पोरगी जगू दे.

“म्हणजे भिंग शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. “लीलाबाई, दुर्बीण कोमट पाण्यात धरा आणि पुन्हा साबण लावा. पुसायचा नाही कुणी.”

लीलाबाईंनी बोटाच्या टोकानं काचेवर पातळ साबण फिरवला. “कोऱ्या काचेवर श्वासाची वाफ थेंबाथेंबानं बसते,” हात चालू ठेवून त्या म्हणाल्या. “ही साय असली म्हणजे पाणी पसरून जातं, नजरेला आडवं येत नाही. मीच तुला सांगायला हवं होतं, चंद्राबाई.”

डॉक्टरांनी दुर्बीण आत घालून डोळा लावला. पोरीची छाती खालीवर होत होती, तेवढीच काय ती हालचाल.

“दिसला,” ते म्हणाले. “चांगलाच फुगलाय. चिमटा द्या.”

दाणा ताटलीत पडला तो भिजलेला, एका बाजूला साल सुटलेला. एवढ्याशा वस्तूनं केवढा घोर लावला होता. चंद्राबाईनं ती ताटली उचलून बाजूला ठेवली.

थोड्या वेळानं तिनंच बनूला उचलून बाहेर आणलं. बिराप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. पोरीची आई मनुबाई धावत पुढं आली. बनूनं डोळे उघडले, अनोळखी भिंती बघितल्या, आणि सकाळपासून साधा हुंदकाही न फुटलेल्या त्या पोरीनं असं भोकाड पसरलं, की पलीकडच्या वॉर्डातली माणसं दारात आली.

मनुबाई ओशाळली. तिनं घाईघाईनं लेकीच्या तोंडावर हात धरला. “गप, बाय माजी. दवाखाना हाय ह्यो, लोकं रागं भरत्याली.”

चंद्राबाईनं तो हात हळूच बाजूला केला.

“रडू दे की गं तिला,” ती म्हणाली. “आत समदी ह्येचीच तर वाट बगत हुती.”