फुटू नये अशी बातमी

वर्षभर त्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. कंपनीचा नवा कॉम्प्युटर बाजारात यायचा होता आणि तो कसा असेल, यावरून जगभर अफवांना ऊत आला होता. कुणी म्हणे घडी घालून खिशात मावतो, कुणी म्हणे त्याला कीबोर्डच नाही. मित्रांनी खोदून खोदून विचारलं, मेहुण्याने तर रुसून बोलणं टाकलं. पण कंपनीचा धाकच तसा होता. पोटात ठेवून ठेवून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा दोन दिवसांची रजा टाकून तो गावी गेला आणि आईबरोबर मटार सोलता सोलता सगळं ओकून मोकळा झाला.

"अरे, हळू बोल! बातमी फुटली तर नोकरी जाईल ना तुझी?" आई घाबरली.

"इथून कशी फुटेल? गावात नेट कुठंय?" कितीतरी दिवसांनी तो हसला. "आणि खरी गंमत तर पुढेच आहे. लांबचं माणूस त्यात असं दिसतं, की जणू समोरच बसलंय. आवाज, डोळे, सगळं हुबेहूब. सगळं नेटवरून. मी स्वतः बनवलंय ते."

शेंग सोलणारा आईचा हात थांबला.

"म्हणजे रोज संध्याकाळी तू मला असा समोर दिसशील?"



वर्षभर त्याने कंपनीच्या धाकाने तोंड बंद ठेवलं होतं. आत्ता ते आपोआप बंद झालं.