पंखा पाचवर

"आजपासून या घरात माझं राज्य!" अशी घोषणा करून टेलरताईंनी पंखा पाचवर केला आणि पलंगावर हातपाय पसरले.

राज्य उशीला डोकं टेकेपर्यंत टिकलं. नवरा ब्लँकेट पांघरून आला, त्याने पंखा एकवर आणला आणि म्हणाला, "महाराणी, प्रजा गारठून मरतेय."

टेलरताईंची पाळी वर्षभरापूर्वी थांबली होती. जाताना ती अंगात शेगडी पेटती ठेवून गेली. मशीनवर बसलं की मानेतून जाळ उठे आणि घामाचा थेंब नेमका गिऱ्हाइकाच्या रेशमावर पडे. साधं बटण हरवलं तरी रडू येई. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून बटण सापडलं तरी येई.

"आई, या वयात होतं असं," मुलगी फोनवर म्हणायची. "बाबांना सांग, सांभाळून घ्या."

बाबांचं सांभाळून घेणं म्हणजे उशी बगलेत मारून मुलीच्या रिकाम्या खोलीत मुक्काम हलवणं. "बर्फाच्या कारखान्यात झोपायचा पगार मिळत नाही मला!"

टेलरताई हसल्या. मग बराच वेळ मशीन चालवत बसल्या. सुईत दोरा नव्हता.

हल्ली त्या स्वतःचे कपडे उसवून सैल करत आणि नवऱ्याची पँट कमरेत आत घेत.

"पुन्हा?"

"पुन्हा. तू भरतेस, मी घटतो. घराचं एकूण वजन तेवढंच राहायला हवं ना!"

अख्ख्या गल्लीची कंबर मापणाऱ्या बाईंनी घरच्या गिऱ्हाइकाला कधी टेप लावली नव्हती. त्याने पँट चिमटीत धरून दाखवावी, त्यांनी तिथे शिलाई मारावी. विनोद मात्र त्यांना लागला.

शेजारणीने त्यात तेल ओतलं. "रोज फिरायला जातात म्हणे? स्वेटरबिटर घालून? पन्नाशीत पुरुष बारीक व्हायला लागला ना ताई, की समजावं, कुणासाठी तरी होतोय."

"आमचे हे? त्यांना कोण बघणार!" टेलरताई म्हणाल्या, आणि कापड उलटं कापून बसल्या.

मुलगी गेली, ती परत येण्यासाठी गेलीच नव्हती. नवरा फक्त दोन दारांपलीकडे होता. त्याला परत आणायचंच.

रविवारी सकाळी तो फिरायला गेल्यावर त्यांनी वायरमनला बोलावलं.

"ताई, चांगला चालतोय की पंखा!"

"म्हणूनच काढ."

वायरमन डोकं खाजवत पंखा घेऊन गेला. छताला नुसता हूक उरला.

दुपारी नवरा दमून आला. टेलरताईंनी पडदे ओढून ठेवले होते. "आज इथेच पडा की," त्या म्हणाल्या.

"आणि तुझं वादळ?"

"शमलं."

तो मान खाली घालून आत आला, स्वेटरसकट आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून त्याने ब्लँकेट डोक्यावरून ओढलं.

खोलीत पडद्याची झालरसुद्धा हलत नव्हती. टेलरताई घामाने निथळत त्याच्याशेजारी टेकल्या. भाजून निघाले तरी बेहत्तर, त्यांना वाटलं. माणूस जागेवर आला. किती महिन्यांनी त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. स्वेटरखाली मणका न् मणका हाताला लागला.

ब्लँकेटमधून आवाज आला, "अगं, पंखा जरा कमी कर ना."