त्रिफूने जिवंतपणी घातलेला दिवस

"मला नको," साफ्ता म्हणाली, आणि तिने दोन्ही हात ॲप्रनखाली घातले.

त्रिफू बादली धरून तसाच उभा राहिला. कोरी बादली, काठोकाठ पाणी, कडीला बांधलेला पांढरा टॉवेल. आमच्याकडे ज्याला मूलबाळ नाही तो माणूस आपला मेल्यानंतरचा दिवस जिवंतपणीच घालून घेतो. मागे कुणी घालेल, याचा काय भरवसा? त्या दिवशी जे हाताने द्यावं ते मेल्यावर वरती आपल्याला मिळतं. मात्र घेणाऱ्याने "पोचो" म्हणायला हवं. त्रिफूचं ताट पोचलं होतं. उशी, कोट, बूट, सगळं पोचलं होतं. राहिलं होतं ते पाणी. ते शेजारणीला द्यायचं असतं, आणि शेजारीण होती साफ्ता.

द्राक्षाच्या मांडवाखाली सगळं गाव जेवत होतं. चमचे थांबले.

"घे की गं," पाद्रीबाबा म्हणाले. "मेलेल्या माणसावर कसला राग?"

"हा कुठे मेलाय? आत्ताच दोन वाडगे रस्सा ओरपला याने."

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो सरपंच डोब्रे. तो मानाच्या जागी, त्रिफूच्या उजवीकडे बसला होता. थोड्या वेळापूर्वी त्यानेच पेला उचलून सांगितलं होतं, "त्रिफूकाका म्हणजे देवमाणूस. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यानंतर आणखी कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून त्रिफू वाट बघत राहिला. कुणीच काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तेवढंच होतं. त्रिफूला ते फार लागलं.

"साफ्ता, मी तुझं काय वाईट केलं?" त्याने हळूच विचारलं.

"काहीच नाही. तू कधी कुणाचं काही करतोस का? माझा पोरगा सोरिन तुझ्या फाटकापाशी पडला होता, तेव्हा तरी काय केलंस?"

आता कुणी हसलं नाही. जंगलातलं लाकूड सरपंचाच्या ट्रकमधून कुठे जातं, असं सोरिनने भर सभेत विचारलं होतं. त्याच आठवड्यात त्याला मारलं. इस्पितळात त्याने डोळे उघडलेच नाहीत. मारलं कुणी हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण पाहिलं कुणीच नव्हतं. त्रिफूने पोलिसांना सांगितलं होतं की तो झोपला होता.

"जेवणाच्या पंगतीत कशाला हे विषय?" डोब्रे म्हणाला. "काका, बादली आमच्या हिला द्या. पाणी ते पाणीच. काय पाद्रीबाबा?"

"चालतं," पाद्रीबाबा ताटाकडे बघत म्हणाले.

सरपंचाच्या बायकोने हात पुढे केलेसुद्धा. गोरे, गुबगुबीत हात. त्रिफू त्या हातांकडे बघत राहिला. एक शब्द ती बोलली की झालं असतं. वरती त्याला कधी तहान लागली नसती. त्याने बादली खाली ठेवली.

"मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला.

"काका," डोब्रे म्हणाला.

"खिडकीत उभा होतो. तुझा मुलगा रेमुस होता, डोब्रे. त्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. सोरिन माझं नाव घेऊन हाका मारत होता. आणि मी दिवा मालवला."

डोब्रेने रुमालाने सावकाश तोंड पुसलं. "चढली तुम्हाला."

"मी पीत नाही. तुला माहीत आहे."

"मग ऊन लागलं." तो उठला. "जपा, काका. वय झालंय, त्यात एकटं घर. काय सांगता येतं?"

तो बायकोला घेऊन निघाला. पाठोपाठ पाद्रीबाबांना आठवलं की पलीकडच्या गावात त्यांना बाप्तिस्म्याला जायचंय. मग बाकावरचे एकेक करून उठले. त्रिफूकडे कुणी बघत नव्हतं. जिने उशी घेतली होती तिने ती बाकावर ठेवली. बूट टेबलाखाली आले. कोट घालूनच जेवायला बसला होता एक जण. त्याने जाता जाता तो काढून कुंपणावर टाकला. जे जे पोचलं होतं ते सगळं परत आलं. सरपंचाचा राग ओढवून घ्यायचा, तोही उशीपायी? एवढं धाडस आमच्या गावात नाही.

रश्शावर माशा बसू लागल्या. त्रिफू बाकावर बसला.

"आता तरी घेशील?" त्याने तिथेच उभ्या असलेल्या साफ्ताला विचारलं.

साफ्ताने बादलीकडे पाहिलंही नाही. "आज तू मेलेला आहेस ना? मेलेल्याला कुणाचं भय? म्हणून बोललास. मेलेल्याची साक्ष कोर्टात चालत नाही, त्रिफू. माझ्याकडे एकही साक्षीदार नाही."

उद्याची रात्र, परवाची रात्र, रस्त्यावर थांबणारी गाडी, सगळं त्रिफूला दिसलं. तो भित्रा माणूस होता, जन्मभर भित्राच होता, आणि आत्ताही त्याला रडू येईल इतकी भीती वाटत होती.

"येतो मी," तो म्हणाला. "कोर्टातही हेच सांगतो."

साफ्ताने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि फाटकाशी गेली.

"तालुक्याची बस उजाडायला सुटते," ती म्हणाली. "तोवर मरू नकोस."