विरोधी पक्षाची शिफारस

नगरसेवकांचे पांढरे शर्ट हँगरला लावून लाँड्रीवाला त्यांच्या मागच्या दाराशी उभा होता. एरवी कपडे पोचवायला तो कधी स्वतः येत नसे. गल्लीत त्याला ‘विरोधी पक्ष’ म्हणत. सत्ता कोणाचीही येवो, इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहून हा सगळ्यांचे वाभाडे काढायचा. अर्थसंकल्पात काय स्वस्त झालं असं कोणी विचारलं की म्हणायचा, “आश्वासनं.” पुढाऱ्यांचे कपडे इतके पांढरे कसे, तर डाग काढायला आम्ही बसलोय ना! लोक हसायचे आणि त्याला बरं वाटायचं.

“अरे वा! विरोधी पक्ष आज आमच्या दारात?” नगरसेवक म्हणाले.

त्याने मान खाली घातली. मुलीचं काम होतं. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. तिची परीक्षा झाली होती, मुलाखतही झाली होती. “आता मार्कांवरच घेतात, बाबा,” असं म्हणून ती निर्धास्त होती. पोरगी भाबडी आहे, या विचाराने त्याचा जीव तुटायचा. वशिल्याशिवाय इथे पान हलत नाही, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं आणि तिला ऐकवलंही होतं. ही जागा गेली तर पुढची कधी निघेल, देव जाणे. तोवर त्या खासगी लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर ती राबत राहणार. तिला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून तो न सांगताच आला होता.

“तेवढा एक फोन केलात तर...” म्हणत त्याने शर्ट पुढे केले.

नगरसेवकांनी त्याच्यासमोरच फोन लावला. मुलीचं नाव सांगितलं, वर “आपल्या घरचीच समजा” असंही म्हणाले. लाँड्रीवाला परतला तो मान खाली घालूनच. पुढे कितीतरी दिवस त्याने टेबलामागून कोणावर तोंड टाकलं नाही. विरोधी पक्ष फुटला की काय, असं लोक चेष्टेने विचारू लागले.

मग यादी लागली. मुलीचं नाव तिच्यात नव्हतं. ती घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. लाँड्रीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याने तोंडदेखला फोन केला असणार! आपला स्वाभिमान गहाण टाकला तो फुकटच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला कारकून आपले कपडे घ्यायला आला. लाँड्रीवाल्याला मुलगी आहे, हेही त्याला माहीत नव्हतं.

“काय हो, कोणाच्या मेहुणीला लावलं म्हणे तुमच्याकडे?” लाँड्रीवाल्याने खोचकपणे विचारलं.

“छे हो! दवाखान्यात नवीन मोठ्या डॉक्टरबाई आल्यात, भलत्याच कडक. ज्याच्यासाठी फोन येईल त्याचं नाव बाद. एक मुलगी तर सगळ्यांत पहिली होती. तिच्यासाठी कोण्या नगरसेवकाचा फोन आला. बाई म्हणाल्या, हिला स्वतःच्या मार्कांवर भरवसा नाही, तर रोग्यांनी हिच्या रिपोर्टवर का ठेवावा? घेतली दुसरीला.”

लाँड्रीवाल्याने पॅन्टची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. कारकून पैसे ठेवून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याने दुकान तसंच बंद केलं. घरी जायचं आणि सगळं सांगून टाकायचं, मग ती काय वाटेल ते बोलो, असं तो रस्ताभर मनाशी घोकत होता.

मुलगी दारातच बसली होती. डोळे सुजलेले होते, पण रडून झालं होतं.

“अगं, ऐक जरा,” तो म्हणाला.

“राहू दे, बाबा. तुमचंच खरं होतं. मीच मूर्ख.”

इतकी वर्षं त्याला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. आज ऐकलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलायचं तर हीच वेळ होती. पण तो वाकून चपलाच काढत राहिला.

ती उठली आणि त्याच्या अगदी जवळ आली. कधी नव्हे ते खालच्या आवाजात म्हणाली,

“बाबा, नगरसेवकांचे कपडे आपल्याकडेच येतात ना? पुढच्या वेळी त्यांना एक फोन करायला सांगाल?”