दळणाचा नंबर

वृषालीने गव्हाचा डबा रांगेत शेवटी ठेवला, तोच गिरणीवाल्या काकांनी तो उचलून सगळ्यांच्या पुढे घेतला. "तुला कशाला ताटकळत ठेवू, बाळा?" बायकांनीही लगेच माना डोलावल्या. वृषालीच्या मस्तकात तिडीक गेली. वर्षभर ती अंथरुणातून उठत नव्हती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आता कुठे आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी दळणाचं काम तिच्यावर सोपवलं होतं, तर तेही हे लोक तिला धड करू देत नव्हते.

तेवढ्यात एक अनोळखी बाई कडाडली, "ए मुली, आम्ही काय इथे माश्या मारायला बसलोय? डबा मागे लाव!"

"अहो, हळू बोला. तिला बरं नसतं," कुणीतरी पुटपुटलं.

"दळणाला आलेय मी, दवाखान्यात नाही!" वृषाली फाडकन म्हणाली. तिने डबा उचलला आणि सगळ्यांच्या मागे नेऊन आदळला.

ती घरी पोचली तेव्हा आई कावरीबावरी होऊन दारातच उभी होती. "एवढा वेळ? काय झालं गं?"

"काय व्हायचंय?" केसांवरचं पीठ झटकत वृषाली म्हणाली. "नंबर होता."